सल्ल्यांचं डोहाळजेवण

घरात कुणाला दिवस गेले की पहिली कुऱ्हाड पपईवर पडते. बाईला अजून धड मळमळ सुरू झालेली नसते, डॉक्टरीणबाईंची पहिली भेट व्हायची असते, आणि इकडे फळांच्या टोपलीतून पपई हद्दपार झालेली असते. तिच्यामागोमाग अननस जातो. मग तीळ, मग बाजरी, मग वांगं, आणि शेवटी शेजारच्या काकू येऊन फ्रिजमधल्या अंड्यांकडे संशयानं बघून जातात. सगळ्यांवर लावलेलं कलम एकच : उष्ण. या कलमाला पुरावा लागत नाही, साक्षीदार लागत नाही आणि वरच्या कोर्टात अपीलही नाही. बिचाऱ्या पपईची बाजू मांडायची तर एवढंच म्हणता येईल की कच्च्या पपईच्या चिकाबद्दल डॉक्टरही सावध असतात. पण झाडावर पिकून केशरी झालेल्या फोडीनं कुणाचं वाकडं केल्याचं ऐकिवात नाही. पण कच्ची कोण आणि पिकलेली कोण हे बघत बसायला सवड कुणाला? आडनाव एकच ना, मग घाला आत.

मी हे सांगतो ते अधिकारानं. भाचीला दिवस गेले तेव्हा मामा या नात्यानं मी घटनास्थळी हजर होतो. मराठी घरात मामाला मान असतो तो मुंजीत आणि लग्नात. बाळंतपणात त्याच्या हातात पिशवी देतात आणि मंडईत पिटाळतात. पिशवी धरलेल्या पुरुषासमोर बायका मोकळेपणानं बोलतात. तिथे माणूस उभा नसून नुसती पिशवीच आहे असं धरून चालतात. त्यामुळे मला सगळं ऐकायला मिळालं. त्यातून भाचीची नोकरी पुण्यात, माहेर साताऱ्याचं आणि सासर मिरजेचं. म्हणजे तीन गावांचं आहारशास्त्र एकाच पोटाशी येऊन थडकलेलं. साताऱ्यात जे थंड ते मिरजेत बाधतं, आणि पुण्यात त्याला "ऑरगॅनिक आहे का?" असं विचारतात.

तीन महिने बातमी बाहेर फुटू द्यायची नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. तो ताईनं, म्हणजे भाचीच्या आईनं, अगदी कसोशीनं पाळला. तिनं फक्त सख्ख्या बहिणींना सांगितलं, बहिणींनी फक्त जावांना, जावांनी फक्त भिशीतल्या बायकांना, आणि आठवडा उलटायच्या आत दूधवाल्यानं मला कोपऱ्यावर गाठून हळूच विचारलं, "मामा, एक लिटर वाढवू ना आता?"

पण या चोरमहिन्यांची एक अडचण आहे. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा तर आईलाच कित्येकदा खात्री नसते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याआधीपासून घ्यावी असं डॉक्टर सांगतात. आता सांगा, नव्या सुनेनं ही गोळी उघडपणे घ्यायची म्हटली तर घरात काय होईल? पहिल्या गोळीला सासूबाई देवासमोर साखर ठेवतील, आणि दुसऱ्या गोळीला पाळणा माळ्यावरून खाली येईल. त्यापेक्षा गोळी नको पण गवगवा आवर, असा विचार करून मुली गप्प बसतात. आहार सुधारायला घर सरसावतं ते चौथ्या महिन्यात, आणि मग गाठायचं राहिलेलं सगळं शिऱ्यातून गाठायला बघतं.

या गोळीचं आणि मुंबईचं फार जुनं नातं आहे, आणि ते आपल्याकडे कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण १९२८ साली मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र, जीवघेणा पंडुरोग व्हायचा. तो का होतो हे तिला शोधायचं होतं. ती या बायका काय खातात हे बघत हिंडली, उंदरांवर प्रयोग केले, माकडांवर केले, आणि शेवटी औषध सापडलं ते मार्माइटमध्ये. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, चिकट, खारट अर्क. इंग्रज माणूस तो पावाला लावून आनंदानं खातो आणि बाकीचं जग त्याच्याकडे बघत राहतं. १९३१ मध्ये तिनं हे छापलं. पुढे दहा वर्षांनी अमेरिकेत चार टन पालकातून ते द्रव्य वेगळं काढलं गेलं, तेच फॉलिक ॲसिड. चार टन पालक! आमच्या ताईनं एक जुडी निवडताना घरातली तीन माणसं आणि एक वर्तमानपत्र कामाला लावलं होतं. सांगायचा मुद्दा असा की आज जगभरच्या पोटुशा बाया जी गोळी गिळतात तिच्या मुळाशी परळ-लालबागसारख्या गिरण्यांच्या वस्तीतल्या बायकांचं फिकं रक्त आहे. त्या बायकांना मुळात सल्ला द्यायला कुणी फिरकत नव्हतं, ही त्यातल्या त्यात त्यांची सोय.

चौथा महिना लागला आणि दोन जिवांचं खाण्याचं पर्व सुरू झालं. पहाटे भिजवलेले बदाम, त्यावर केशराचं दूध, आठ वाजता तुपातला शिरा, दहाला शहाळं, बाराला जेवण, दोनला ताईचं "अगं काहीच खाल्लं नाहीस", चारला खजूर, पाचला राजगिऱ्याचा लाडू, रात्री पुन्हा जेवण आणि निजताना पुन्हा दूध. पुण्यात असली की हाच कार्यक्रम फोनवर होई. फोटो पाठवल्याशिवाय वाटी रिकामी झाल्याचं मिरजेत मान्य होत नसे. एकदा तिनं रिकाम्या वाटीचा कालचाच फोटो पाठवला. विहीणबाईंनी वाटीखालच्या टेबलावरचं वर्तमानपत्र वाचून तारीख पकडली.

दोन जिवांचं खायचं म्हणजे नेमकं किती, याचा हिशेब हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं करून ठेवलेला आहे. एरवी जेवढं लागतं त्याच्यावर दिवसाला ३५० उष्मांक. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात तेवढे असतात. म्हणजे एक दणदणीत भाकरी, नाहीतर दोन बेताच्या. संपला दुसरा जीव. हे मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवलं तेव्हा पंगतीत शांतता पसरली. मग ताई म्हणाली, "हैदराबादेत काय कळतंय? तिथं बिर्याणी खातात." तिथे विषय मिटला.

खरी मेख उष्मांकांत नाही, प्रथिनांत आहे. तीच संस्था सांगते की मधल्या तीन महिन्यांत रोजची प्रथिनं साडेनऊ ग्रॅमनं आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅमनं वाढवा. ती मिळतात उसळीतून, वरणातून, अंड्यातून, दुधा-दह्यातून, मासळी-मटणातून. आता गंमत बघा. उसळ? वातूळ. हरभरा? पोट फुगतं. अंडं? उष्ण. मटण? जड. दही? रात्री नको, सकाळी सर्दी. बांगडा? "वास सहन होणार नाही तिला," हे ज्यांनी सांगितलं त्यांना स्वतःला मासे आवडत नव्हते. एकेक करून पोषणाची सगळी बाकं रिकामी झाली आणि वर्गात उरला एकटा शिरा. शिऱ्याला मात्र आजवर कुणी वातूळ म्हटलेलं नाही.

केशराबद्दल थोडं बोललं पाहिजे. आमच्या घराण्याचा रंग सह्याद्रीचा आहे, पावसाळ्याआधीचा. जावईबापू त्याहून एक छटा पुढे. तरीही नातवंड गोरं व्हावं म्हणून ताईनं केशराची डबी आणली आणि ती देव्हाऱ्याशेजारी, कुलपात ठेवली. काडी-काडी मोजून दुधात पडायची. केशरानं रंग येतो तो दुधाला, बाळाला नाही; बाळाचा रंग आईबापांकडून आधीच ठरून आलेला असतो. पण हे निरुपद्रवी वेड आहे म्हणून सोडून देता आलं असतं, जर त्याचं भावंड इतकं वाईट नसतं. ते भावंड असं : लोहाच्या गोळ्या घेतल्या की बाळ काळं होतं. हे मी पिशवी धरून उभा असताना चांगल्या शिकलेल्या बाईच्या तोंडून ऐकलं. म्हणजे जे खाऊन काही होत नाही ते कुलपात, आणि ज्याची खरी गरज ते कचऱ्यात.

कारण आपल्याकडे गरोदर बाईच्या रक्ताची अवस्था काय आहे हे सरकारनंच मोजलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना पंडुरोग निघाला. निम्म्याहून जास्त. त्यासाठीच चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक गोळी असते : ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, आणि फुकट मिळते म्हणूनच तिच्यावर कुणाचा विश्वास नसतो.

बरं, गोळी घेतली तरी ती घेण्याची आपली तऱ्हा बघा. लोहाचं आणि चहाचं हाडवैर आहे. चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घ्यायची नसते, दोघींना वेगळ्या वेळी बोलवावं लागतं. लिंबू, आवळा, पेरू, संत्रं यांची मात्र लोहाला साथ असते. तेव्हा गोळी लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी हे उत्तम. पण मराठी माणसाला पाण्याबरोबर गोळी घेणं म्हणजे आजारी असल्याची कबुली वाटते. तो ती चहाबरोबर घेतो. भाचीच्या आत्येसासूबाई तर उठवून सांगायच्या, "जेवलीस, गोळी घेतलीस, आता कपभर चहा घे, म्हणजे जिरेल." जिरायची ती गोळी, आणि जिरवायचा तो चहा. शेवटी डॉक्टरीणबाईंनी मोठ्या अक्षरात वेळापत्रक लिहून दिलं आणि भाचीनं ते फ्रिजवर चिकटवलं. त्यावर घरातल्या सगळ्यांनी आपापल्या गोळ्यांच्या वेळाही लिहिल्या. दुसऱ्या दिवशी माझी रक्तदाबाची गोळी तिच्या वाटीत आली होती.

हा सल्ल्यांचा पूर आजचा नाही. चरकसंहितेत शारीरस्थानात गर्भिणीनं महिन्यागणिक काय घ्यावं याची यादीच आहे : पहिल्या महिन्यात साधं दूध, तिसऱ्यात मध आणि तूप घातलेलं दूध, चौथ्यात लोणी, असं करत आठव्या महिन्यात दुधात शिजवलेली तूप घातलेली पेज. इथवर ठीक. पण आठव्या महिन्याच्या पेजेवर भद्रकाप्य नावाचे ऋषी हरकत घेतात. म्हणतात, ही पेज नको, बाळाचे डोळे पिंगट होतील. त्यावर आत्रेय पुनर्वसूंचं म्हणणं असं की पिंगट झाले तर होऊ देत, तेवढ्यासाठी पेज सोडायची नाही. त्यानं आई निरोगी राहते. दोन-एक हजार वर्षांपूर्वीची ही चर्चा वाचताना मला साताऱ्याचं माजघर आठवलं. तोच आठवा महिना, तेच तूप आणि तीच हमरीतुमरी. त्या चर्चेतही एका गोष्टीची नोंद घेण्यासारखी आहे : पेज जिला प्यायची ती बाई एक अक्षर बोलत नाही.

सुश्रुत त्याहून पुढे गेले. त्यांनी डोहाळ्यांवरून बाळाचा स्वभाव सांगितला. राजाला बघावंसं वाटलं तर मूल श्रीमंत आणि भाग्यवान होणार. घोरपडीचं मांस खावंसं वाटलं तर झोपाळू, आणि हातात आलेली वस्तू न सोडणारं. आमच्या भाचीला लागले दाबेलीचे डोहाळे. सुश्रुतांच्या यादीत दाबेली नाही, त्यामुळे पुढचं भविष्य अंधारात आहे. मिरजेच्या विहीणबाईंनी मात्र निकाल दिला, "रस्त्यावरचं खायची आवड लागली, म्हणजे फिरतीची नोकरी." रस्त्यावरचं नको हे त्यांचं म्हणणं मात्र खरं होतं, गरोदरपणी उघड्यावरच्या चटणी-पाण्यातून होणारी हगवण परवडत नाही. ताईनं घरी दाबेली केली. तिच्यात बीट किसून घातलं, पाव गव्हाचा घेतला, शेव काढून टाकली, मसाला कमी केला. भाचीनं एक घास खाल्ला आणि तिचे डोहाळे जागच्या जागी संपले.

डोहाळ्यांचा सगळ्यात प्रसिद्ध दाखला कालिदासाच्या रघुवंशात आहे. तिसऱ्या सर्गात राणी सुदक्षिणेला माती खावीशी वाटते. अयोध्येच्या राजवाड्यात काय कमी होतं? पण राणीला हवी माती. दिलीपराजा एकांतात तिच्या तोंडाला येणारा मातीचा वास घेतो आणि बेहद्द खूश होतो. कवीनं त्याचा अर्थ लावला की पुढे मुलगा, म्हणजे रघु, पृथ्वीचं राज्य भोगणार, म्हणून त्याला पोटातूनच मातीची गोडी. आजच्या डॉक्टरीणबाई असत्या तर त्यांनी आधी राणीचं हिमोग्लोबिन तपासायला पाठवलं असतं. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, चुलीची राख, भिंतीचा पोपडा असं काही खावंसं वाटणं हे लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. आपल्या गावांतून अशी माती खाणाऱ्या बायका आजही आहेत आणि त्यांच्या पोटी रघु येणार म्हणून घरचे खूश होतात असंही नाही. हसण्यावारी नेतात, बस.

सहाव्या महिन्याच्या सुमारास साखरेची तपासणी आली. एरवी जो दवाखाना गोड कमी करा म्हणून बजावतो, तोच ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात कालवून देतो आणि पाच-दहा मिनिटांत संपव म्हणतो. दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा त्याच्या वर गेली की गरोदरपणातला मधुमेह. भाचीचा आकडा काठावर आला. झालं! त्या दिवसापासून घरात शिऱ्याची बोलती बंद झाली, आणि जी मंडळी कालपर्यंत दर दोन तासांनी वाटी पुढे करत होती तीच आता भाताच्या शितावर नजर ठेवायला लागली. दोन्ही वेळा पाळत तिच्यावरच. काठावरच्या आकड्याला डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं ते फार साधं होतं : जेवणानंतर चालणं, साखर-मैदा बंद, आणि ताटात भाताच्या आधी उसळ आणि भाजी. उसळ! वातूळ म्हणून चौथ्या महिन्यात घराबाहेर काढलेली उसळ मागच्या दारानं सन्मानानं परत आली.

पुण्यातल्या मैत्रिणींची एक वेगळी शाखा होती. त्या किनवा सांगत, चिया सांगत, अ‍ॅव्होकाडो सांगत. मी मंडईत अ‍ॅव्होकाडो मागितला तेव्हा भाजीवाल्या मावशींनी मला दोडका दिला आणि म्हणाल्या, "न्या, ह्येच असंल." शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि ती किलोनं मिळते. पण नाचणीचा फोटो चांगला येत नाही, त्याला काय करणार?

उपासांचं तर बोलूच नका. संकष्टीला पोटुशा बाईनं उपास करू नये असं सगळेच सांगतात. पण सांगताना असं सांगतात की न केला तर गणपती वाईट वाटून घेईल. मग ती करते, आणि साबुदाण्याच्या खिचडीवर राहते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत जे काही पोषण आहे ते दाण्याच्या कुटाचं. ग्रहणाला तर खाणंपिणं बंद, विळी-सुरीला हात नाही, हलायचं नाही. विळी बंद हे त्यातलं एकच कलम आम्हा पुरुषांना जाचक ठरलं, कारण त्या दिवशी भाजी मला चिरावी लागली.

आता जरा कामाचं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतावर राबणाऱ्या बायकांच्या गरोदरपणातल्या खाण्याचा अभ्यास केला. या बायकांच्या पोटात दिवसाला साधारण १८०० उष्मांक जात होते, म्हणजे कमीच. बाळाच्या वजनाशी कशाचं नातं दिसलं? किती खाल्लं यापेक्षा पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा मिळालं याचं. मेथी, शेपू, चाकवत, माठ, पेरू, वाटीभर दूध. यात सल्लागारांना वाव नाही, म्हणून हा अभ्यास फारसा लोकप्रिय झाला नसावा.

दुसरा अभ्यास मला फार आवडतो, कारण त्यात तळलेलं आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून काही वर्षं साडेसहा हजारांहून जास्त बायकांवर एक प्रयोग झाला. बायकांना रोज एक खाऊ द्यायचा, दिसायला रस्त्यावरच्या सामोशा-भजीसारखा. निम्म्यांच्या खाऊत पालेभाजी, फळं, दूध. निम्म्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखं किरकोळ. दिवस जाण्याआधीपासून सुरुवात. सगळ्या बायकांचा मिळून विचार केला तर बाळांच्या वजनात फारसा फरक पडला नाही, हे अभ्यासकांनी प्रामाणिकपणे लिहिलं. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधीपासून पालेभाजीचा खाऊ खाल्ला त्यांची बाळं थोडी वजनदार निघाली, आणि गरोदरपणातला मधुमेहही पालेभाजीवाल्यांत बराच कमी आढळला. म्हणजे पुन्हा तेच : वेळ निघून गेल्यावर ताटाभोवती धावपळ करण्यापेक्षा आधीपासून पोरींना नीट जेवू घाला. हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "बघ, सामोसा चालतो."

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, झोपाळ्यावरचं. फुलांची वाडी, फुलांचा मुकुट, फुलांचं धनुष्य, आणि फुलांच्या त्या भारानं वाकलेली भाची. जेवणात चित्रान्न, मसालेभात, साखरभात, जिलबी, भजी, अळूवड्या, पंचामृत. काठावरच्या साखरेला एक दिवसाची सुटी होती. मग दोन झाकलेल्या वाट्या आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. गर्भलिंग चाचण्यांना आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्येच देशात सगळ्यांआधी केला, केंद्राचा १९९४ मध्ये झाला. प्रत्येक सोनोग्राफी केंद्रावर तशी पाटी असते. आणि इथे हॉलमध्ये पन्नास बायकांसमोर राजरोस निदान चाललेलं! भाचीनं वाटी उघडली, बर्फी निघाली. क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, "पेढा संपला होता का गं?" भाचीनं ती बर्फी तिथल्या तिथे खाऊन टाकली, मग दुसरी वाटी उघडून पेढाही खाल्ला. अख्ख्या नऊ महिन्यांत तिनं स्वतःच्या मनानं खाल्लेलं मी तेवढंच पाहिलं.

यथावकाश मुलगी झाली, आणि त्याच संध्याकाळी घरातले सगळे कायदे उलटे झाले. उष्ण म्हणून नऊ महिने तडीपार असलेले तीळ, बाजरी, डिंक, हळीव वाजतगाजत स्वयंपाकघरात परतले. "बाळंतिणीला उष्णच पाहिजे." कालची आरोपी मंडळी आज पाटावर बसली होती. मी पिशवी घेऊन डिंक आणायला गेलो.

हे सगळं जिथे सल्ले देणारे भरपूर तिथलं झालं. जिथे सल्ला नाही आणि ताटही नाही, तिथे काय? महाराष्ट्र सरकारनं २०१५ मध्ये आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना अंगणवाडीत दिवसातून एकदा गरम, चौरस जेवण : भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळं, गूळ-शेंगदाण्याचा लाडू. जेवण तिथेच बसून जेवायचं. घरी न्यायला शिधा दिला की तो सगळ्यांत वाटला जातो आणि जिच्या नावानं आला तिच्या वाट्याला भांड्याचा तळ येतो, हे कुठल्याही अंगणवाडीसेविकेला पाठ असतं. हे फक्त पाड्यांवर होतं असं समजू नका. साताऱ्यात काय, मिरजेत काय, बदाम मोजून देणाऱ्या आमच्या घरांतही पंगत उठल्यावर, गार झालेल्या भाजीवर, शेवटी जेवायला बसते ती घरातली बाईच. पोटात बाळ असलं तरी तिनं आधी वाढायचं आणि मग बसायचं, यात कुणाला वावगं वाटत नाही. याबद्दल मात्र कुणीच सल्ला देत नाही.

तेव्हा वाचकांना विनंती. तुमच्या घरात, शेजारात, कचेरीत कुणी पोटुशी असेल तर तिनं काय खाऊ नये हे सांगणारे आधीच येऊन गेले आहेत. तुम्ही जाताना चार मोसंबी न्या, अंडी चालत असतील तर अंडी न्या, चहा तुमचा तुम्ही करून घ्या, आणि तिचं गरम जेवून झाल्याशिवाय आपलं पान मांडू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. गाडी असेल तर तिला तिथे सोडा. वाटेत काही सांगू नका.